फ्रॉइडला ‘थोडक्यात टिपा लिहा’तून सोडवा

प्रति,
मानसशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

स.न.वि.वि.

एका तालुक्याच्या गावी कला शाखेच्या मुलांना ३१ वर्षं मानसशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. या काळात अभ्यासक्रम अनेकदा बदलला. पेपरांची नावं बदलली, सत्रं आली, श्रेयांक आले. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड मात्र होता तिथंच राहिला. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणात, दीड पानात, पाण्यात बुडालेल्या हिमनगाच्या चित्राखाली. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पुन्हा फेरमांडणी चालली आहे आणि काही ठिकाणी हे दीड पानही जाणार, अशी कुजबुज कानावर आली. कारण काय, तर तो कालबाह्य झालाय. म्हणून हे पत्र.

आधी त्या हिमनगाचं. मनाचा थोडाच भाग वर दिसतो, बाकीचा पाण्याखाली, ही उपमा फ्रॉइडनं प्रसिद्ध केलेल्या लेखनात कुठेही नाही. ती त्याच्या नावावर मागाहून चिकटली. आपण वर्षानुवर्षं मुलांना ते चित्र काढायला लावतो आणि पाण्याखालचा भाग पेन्सिलीनं नीट गडद केला की अर्धा गुण जास्त देतो. मीही दिलाय.

दुसरी गोष्ट सांगायला जरा जड जाते. एका वर्षी ‘स्वप्न’ हा घटक शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, ‘स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती – फ्रॉइड’. खाली रेघ मारली. आपल्याकडे म्हण आहेच, मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळले. तास संपल्यावर एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. म्हणाली, “मॅडम, मला स्वप्नात सारखा माझा भाऊ मेलेला दिसतो. म्हणजे तो मरावा असं मला वाटतं का?”

मी म्हटलं, “छे गं, तसं काही नसतं. परीक्षेचा ताण असेल.” ती “बरं” म्हणून गेली.

त्या शनिवारी मी स्वप्नांवरचं त्याचं मूळ पुस्तक, म्हणजे त्याचा इंग्रजी अनुवाद, पहिल्यांदा उघडला. तोवर नोकरीला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी गाइडांवरून फ्रॉइड शिकवत होते, हे आज लिहून टाकते. ते पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात निघालं, त्यावर साल मात्र १९०० छापलं होतं. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली. त्यात जवळच्या माणसाच्या मृत्यूच्या स्वप्नांवर सविस्तर विवेचन आहे. फ्रॉइड तिथं बजावून सांगतो की असं स्वप्न पडलं आणि त्यात दुःखही झालं, तर त्या माणसाचं मरण आज हवंय असा अर्थ मी कधीच काढणार नाही. लहानपणी केव्हातरी तसं वाटून गेलं असेल, एवढंच त्यावरून म्हणता येतं. आणि पुस्तकाच्या अखेरीस एका रोमन बादशहाचा किस्सा येतो. आपण बादशहाला मारलं असं स्वप्न पडलं म्हणून त्यानं एका प्रजाजनाला देहदंड दिला. फ्रॉइड म्हणतो, बादशहाचं चुकलं. आणि प्लेटोची आठवण करून देतो : दुर्जन जे प्रत्यक्षात करतो ते सज्जन स्वप्नात पाहण्यावर भागवतो.

सोमवारी मी त्या मुलीला गाठलं. विचारलं, “लहानपणी भावाचा राग यायचा का तुला?” तिनं क्षणभर पाहिलं. म्हणाली, “त्याला दूध मिळायचं, मला चहा.” आणि हसली.

आता मला सांगा, ‘स्वप्न : इच्छापूर्ती, पाच गुण’ यात हे कुठं बसतं?

मागच्या बाकावरच्या मुलांचा फ्रॉइड वेगळा. त्याचं नाव निघालं की तिथं खसखस पिकते. “मॅडम, सगळं त्याच गोष्टीवर नेणारा तो हाच ना?” आणि चळवळीतल्या माझ्या मित्रांचा फ्रॉइड आणखी वेगळा : व्हिएन्नातल्या श्रीमंत बायकांचा डॉक्टर, भांडवलदार वर्गाचं अपत्य. मेंदूविज्ञानवाले म्हणतात, याचं काही सिद्ध झालेलं नाही. तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं खरं आहे. पण तिघांपैकी कुणी त्याला वाचलेलं नसतं.

आपल्याकडच्या भाषेत विचारायचं तर फ्रॉइड जहाल की मवाळ? राहणीनं पक्का मवाळ. १८९१ ते १९३८, ४७ वर्षं बेर्गगासे १९ या एकाच पत्त्यावर. शनिवारी पत्त्यांचा डाव, तोंडात चिरूट, कपाटात जुन्या मूर्ती, बायको-मुलं, वेळच्या वेळी जेवण. त्याचा जहालपणा शोधायचा तर तो दवाखान्यात कसा बसायचा ते बघावं लागतं.

१८९५ साली ब्रॉयर या ज्येष्ठ डॉक्टरबरोबर त्यानं हिस्टेरियावर पुस्तक काढलं. त्यात एमी नावाची एक रुग्ण आहे. खरं नाव अर्थातच वेगळं. चाळिशीची श्रीमंत विधवा. बोलता बोलता मध्येच तिचा चेहरा भीतीनं वाकडा व्हायचा, हात पुढे करून ती म्हणायची, “हलू नका! काही बोलू नका! हात लावू नका!” आणि पुन्हा काही झालंच नाही अशा सुरात पहिलं वाक्य पुढे चालू. फ्रॉइड तेव्हा संमोहन करायचा, अंग चोळून द्यायचा, आणि डॉक्टरी शिरस्त्याप्रमाणे प्रश्नावर प्रश्न विचारायचा : हे कशामुळे, ते कधीपासून? एक दिवस ती वैतागली. हे कुठून आलं, ते कुठून आलं, असं सारखं विचारू नका, मला काय सांगायचंय ते सांगू द्या, म्हणाली. फ्रॉइड लिहितो की मी ते मान्य केलं.

मनोविश्लेषणाचा जन्म कुठला म्हणाल तर मी या जागेवर बोट ठेवेन. बाईनं डॉक्टरला गप्प बसायला सांगितलं आणि डॉक्टर बसला. तो काळ आठवा. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हिस्टेरियाच्या बायकांना भरल्या सभागृहात उभं करून झटके दाखवत असे. १८८५-८६ च्या हिवाळ्यात फ्रॉइड तिथं शिकत होता. तिथं बायका बघायच्या असत. इतरत्र त्यांना ढोंगी म्हणत. त्यांचं म्हणणं हाच रोगाचा पुरावा आणि त्यांचं म्हणणं हाच इलाज, हे म्हणायला कुणी धजलं नव्हतं. ‘बोलण्याचा इलाज’ हे नावसुद्धा डॉक्टरांनी दिलेलं नाही. ते ब्रॉयरच्या रुग्णानं दिलं, बर्था पापेनहाइम हिनं. ती त्याला गमतीनं ‘धुराडं साफ करणं’ असंही म्हणायची. पुढे हीच बर्था जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी करते, १९०४ साली. आपल्या पुस्तकांत ती ‘अॅना ओ.’ म्हणून येते, आजारी पडते आणि संपते.

हिस्टेरियावरच्या त्याच पुस्तकातलं दुसरं एक प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. सुट्टीत फ्रॉइड डोंगर चढून गेला. वर एक विश्रामगृह, तिथं जेवून तो देखावा बघत बसला होता. जेवण वाढणारी, जराशी घुम्या चेहऱ्याची, अठराएक वर्षांची मुलगी जवळ आली. “साहेब डॉक्टर आहेत का?” पाहुण्यांच्या वहीत तिनं नाव वाचलं होतं. तिला श्वास कोंडतो, डोक्यात घण पडतात, मागून कुणीतरी येऊन धरेल असं वाटतं, आणि एक भयंकर चेहरा दिसतो. दोन हजार मीटर उंचीवरही हा आजार भेटतो याचं फ्रॉइडला नवल वाटलं. तिथंच गप्पा सुरू झाल्या. ना कोच, ना फी. दोन वर्षांपूर्वी तिनं खिडकीतून काकाला तिच्या नात्यातल्या एका बहिणीबरोबर पाहिलं होतं. मग त्याच्याही मागच्या आठवणी आल्या. चौदा वर्षांची असताना तो काका तिच्याही अंथरुणात शिरला होता. सांगता सांगता तिचा चेहरा उजळला, असं तो लिहितो. तो भयंकर चेहरा काकाचा होता. ती पुन्हा त्याला भेटली नाही.

१९२४ मध्ये या प्रकरणाला त्यानं एक तळटीप जोडली. तो काका नव्हता, बाप होता. इतकी वर्षं झाकलं, आता पडदा बाजूला करतो.

घरातल्या मुलीनं बापाबद्दल असं काही सांगितलं तर आजही आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता येतो हे तुम्हाला माहीत आहे. १८९६ साली फ्रॉइडनं व्हिएन्नाच्या डॉक्टरांसमोर सांगितलं की हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. अध्यक्षस्थानी क्राफ्ट-एबिंग होते, लैंगिक वर्तनाचे त्या काळचे मोठे तज्ज्ञ. ‘ही तर शास्त्रीय परीकथा’ असं ते म्हणाले. पुढच्याच वर्षी फ्रॉइडनं मित्र फ्लीसला कळवलं की माझाच आता त्या सिद्धांतावर विश्वास राहिला नाही. अत्याचार घडतात हे त्यानं पुढेही नाकारलं नाही, पण भर कल्पनेवर गेला. तो कच खाऊन मागे सरला की पुराव्यामुळे, यावर अजून भांडण आहे. मुलांना ते भांडू द्या ना. त्यासाठी दीड पान पुरणार नाही, एवढंच.

भाषेचंही जरा बोलू. इड, इगो, सुपरइगो, म्हणजे फ्रॉइडनं मानलेले मनाचे तीन भाग. आपली मुलं हे शब्द औषधांच्या नावांसारखे पाठ करतात. पण फ्रॉइडनं हे शब्द लिहिलेच नाहीत. १९२३ च्या त्याच्या पुस्तकात आहेत ते साधे जर्मन शब्द, पोराटोरांच्या तोंडचे : ‘ते’, ‘मी’ आणि ‘वरचा मी’. लॅटिनचा मुलामा इंग्रजी अनुवादात चढला आणि आपण तो देवनागरीत उतरवून घेतला. मराठीत ‘ते’ आयतंच होतं की! ‘काय माहीत, माझ्याकडून ते झालं खरं’, असं आपण रोज म्हणतो. ‘मीपणा’ आहे. संतांनी घासूनपुसून ठेवलेला ‘नेणीव’ हा शब्द आहे, आणि तो आपल्या परिभाषेत आलाही आहे. १९३३ च्या व्याख्यानांत फ्रॉइडचं एक वाक्य आहे, ‘जिथं ते होतं तिथं मी व्हावं’. लगेच पुढे तो म्हणतो, हे काम समुद्र हटवून जमीन काढण्यासारखं आहे. तेव्हा डच लोक झायडर झे हा उपसागर उपसत होते. मी हे वाक्य इड-इगो घालून एकदा शिकवलं आणि एकदा ‘ते’ नि ‘मी’ घालून. दुसऱ्या वेळी वही न काढता ऐकणारी मुलं दिसली.

आता श्रीमंतांचा डॉक्टर. होताच. त्याची फी भारी होती, आणि पैशाला तो अजिबात लाजत नसे. पण सप्टेंबर १९१८ मध्ये, महायुद्ध संपायला सहा आठवडे उरले असताना, बुडापेस्टच्या परिषदेत हा माणूस उभा राहून काय बोलला ते बघा. आपण मूठभर आहोत आणि आपला इलाज फक्त वरच्या वर्गाला परवडतो, हे त्यानं आधी कबूल केलं. मग म्हणाला, कधीतरी समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी होईल. गरिबाला शस्त्रक्रियेचा जेवढा हक्क आहे तेवढाच मनाच्या उपचाराचाही आहे हे तिला पटेल. मनाचे आजार सार्वजनिक आरोग्याला क्षयापेक्षा कमी घातक नाहीत. दारूला लागणारे पुरुष, अभावाच्या ओझ्याखाली मोडत आलेल्या बायका, उनाडकी नाहीतर मनोविकार एवढेच दोन रस्ते उरलेली मुलं, या सगळ्यांसाठी संस्था निघतील आणि तिथं उपचार फुकट असतील. सरकारला हे सुचायला वेळ लागेल, तोवर लोकवर्गणीतून सुरू करावं लागेल.

नुसतं भाषण नव्हतं ते. १९२० मध्ये बर्लिनला, १९२२ मध्ये व्हिएन्नाला असे दवाखाने निघाले. व्हिएन्नाच्या दवाखान्याला इस्पितळाच्या हृदयरोग विभागातल्या खोल्या मिळाल्या, त्याही दुपारनंतर. रुग्णानं पायरीवरून चढून लोखंडी तपासणी टेबलावर पडायचं आणि विश्लेषकानं बिनहातांच्या लाकडी खुर्चीवर बसायचं. लागोपाठ पाच रुग्ण झाले की पाठ बोलायला लागायची, अशी आठवण तिथं काम केलेल्या एकानं लिहून ठेवली आहे. मोलकरणी, कामगार, कारकून, शिक्षक तिथं येत. सगळे विश्लेषक आपल्या वेळेचा हिस्सा फुकट देत. पुढे बर्लिनची संस्था नाझींनी गिळली, व्हिएन्नाची १९३८ मध्ये बंद पडली. फ्रॉइड त्या जूनमध्ये लंडनला निसटला. मागे राहिलेल्या त्याच्या चार बहिणी छळछावण्यांत संपल्या.

हा भाग माझ्या ३१ वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकात मला दिसला नाही.

का असावा म्हणता? काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या बाईंना घेऊन एका मोठ्या शहरातल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात गेले होते. नवरा गेल्यापासून त्या बोलेनाशा झाल्या होत्या. आमचा नंबर लागला दीड वाजता. डॉक्टरनं विचारलं, झोप लागते? भूक? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं? बाईंनी तीनदा मान हलवली, गोळ्या मिळाल्या. दोन मिनिटं. डॉक्टर वाईट नव्हता, दाराबाहेर साठएक माणसं उभी होती. रिक्षात बसल्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या, “त्यानं विचारलंच नाही काय झालं ते.” गोळ्यांनी त्यांना फरक पडला, तेही सांगायला हवं. पण ते वाक्य आणि एमीचं वाक्य मला एकाच बाईचं वाटतं.

१९२६ मध्ये फ्रॉइडच्या थिओडोर राइक या बिगरडॉक्टर सहकाऱ्यावर वैदूगिरीचा ठपका आला, तेव्हा फ्रॉइडनं एक पुस्तकच लिहिलं : ऐकण्याचं हे शिक्षण घ्यायला वैद्यकाची पदवी लागत नाही. गावोगावी समुपदेशक नेमायची भाषा करणाऱ्या आपल्या राज्यात हे पुस्तक निदान संदर्भग्रंथांच्या यादीत तरी असावं.

लैंगिकतेबद्दल थोडक्यात, कारण खसखस तिथंच पिकते. १९०८ मध्ये त्यानं लिहिलं की समाजाची ‘सुसंस्कृत’ लग्ननीती माणसांना, विशेषतः बायकांना, आजारी पाडते. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये सुरू केलं, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. हे आठवलं की १९०८ साल किती अलीकडचं आणि किती लांबचं वाटतं. १९३० मध्ये समलैंगिकता गुन्हा ठरवू नये या निवेदनावर फ्रॉइडची सही आहे. १९३५ मध्ये एका अमेरिकन आईला त्यानं पत्र लिहिलं : यात लाज वाटण्याजोगं काही नाही, हे दुर्गुण नाही, अधःपतन नाही, याला आजारही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांना हे आजारांच्या यादीतून काढायला १९७३ साल उजाडावं लागलं, आणि त्याला आडवे आलेल्यांत फ्रॉइडचे चेले पुढे होते. आपलं ३७७ कलम सैल झालं २०१८ मध्ये.

हे सगळं म्हणजे त्याची आरती नव्हे. १८९५ मध्ये एमा एकश्टाइन या रुग्णाच्या नाकाची शस्त्रक्रिया फ्लीसनं केली आणि अर्धा मीटर जाळीपट्टी आत विसरला. बाई रक्तस्रावानं मरता मरता वाचली. पुढच्या वर्षी फ्रॉइड त्याच मित्राला लिहितो की तिचा रक्तस्राव ओढीपोटी होता, कुणीतरी जवळ यावं म्हणून. मित्राला वाचवायला त्यानं बाईला खोटं पाडलं. डोरा या रुग्णाचं तसंच. बापाच्या मित्रानं तिला कोवळ्या वयात धरून चुंबन घेतलं. पुढे तो पुन्हा मागे लागला हे तिनं घरी सांगितलं, तेव्हा तिलाच खोटं ठरवलं गेलं. फ्रॉइडनं नाही, त्यानं तिचं खरं मानलं. आणि मग त्या चुंबनाची तिला किळस का आली, सुख का झालं नाही, हाच आजार मानला! अठरा वर्षांची ती मुलगी तीन महिन्यांत, १९०० च्या अखेरच्या दिवशी, उठून गेली. बरं केलं तिनं. पण हे आपल्याला कळतं कुठून? फ्रॉइडनंच आपल्या या फसलेल्या इलाजाची हकिकत १९०५ मध्ये छापली म्हणून. बायकांच्या मनाबद्दल त्यानं लिहिलेलं बरंचसं मी वर्गात वाचून दाखवायचे ते खोडण्यासाठीच. १९३३ मध्ये मुसोलिनीला पुस्तक भेट देताना लिहिलेल्या आदराच्या ओळीही त्याच्याच. हेही शिकवा.

आणि कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस शिकवा. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्याच्या ७५ व्या वाढदिवसाला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली आणि त्याचबरोबर ठणकावून सांगितलं की तुमचा इडिपस, म्हणजे मुलाची आईकडे ओढ नि बापाशी वैर, माझ्या बंगाली रुग्णांत जसाच्या तसा सापडत नाही. पुरुषाच्या मनात स्त्री होण्याची इच्छा असते, ती तुम्ही पाहिलेली नाही. मूर्ती फ्रॉइडनं लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. मुद्दा त्याच्या फारसा गळी उतरला नाही.

माझी मागणी लहान आहे. फ्रॉइडला पूर्ण पेपर देऊ नका. एका सत्रात १५ तास द्या, आणि त्यात फ्रॉइड‘बद्दल’ काही न शिकवता फ्रॉइड वाचायला लावा : डोंगरावरच्या मुलीचं प्रकरण, बुडापेस्टचं भाषण, आईला लिहिलेलं पत्र, डोरातली मोजकी पानं, आणि बोसांची पत्रं. परीक्षेला एकच प्रश्न ठेवा, यातलं तुम्हाला काय पटलं नाही ते लिहा.

मराठीत साहित्य नाही ही सबब सांगू नका. डोंगरावरच्या मुलीच्या प्रकरणाचं भाषांतर मी केलं आहे, हातानं लिहिलेली २२ पानं. फ्रॉइड १९३९ मध्ये गेला, त्यामुळे मूळ लेखनाच्या हक्कांचा प्रश्न नाही. जर्मन जाणणाऱ्या कुणी ते मुळावरून तपासून द्यावं, कारण माझं इंग्रजीवरून आहे आणि ‘घुमी’ हा शब्द बरोबर बसला की नाही याची मला शंका आहे. ज्या मंडळाला हवं असेल त्याला झेरॉक्स काढून पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका

ता. क. हिमनग ठेवायचाच असेल तर ठेवा, चित्र छान येतं. खाली फ्रॉइडचं नाव तेवढं घालू नका.